मिरचीचे पैसे

वडापाव करायला मला पावणेदोन तास लागतात. तेल तापवायचं नसतं, बटाटे उकडायचे नसतात, तरीही. पाव बदामी लोकरीचा, वडा पिवळ्या सुताचा, लसणीच्या चटणीची म्हणून तांबड्या धाग्याची एक कड आणि बाजूला हिरवी मिरची. सगळं मिळून काडेपेटीएवढं. वर कडी अडकवली की किल्ल्यांच्या जुडग्याला लटकायला मोकळं.

यातली मिरची माझा जीव खाते. जेमतेम इंचभर लांब, पण तिला सुरुवात आहे, शेवट आहे, देठ आहे, आणि किंचित वाक नसेल तर ती भेंडी दिसते. पावाला मिरचीपेक्षा दुप्पट वेळ लागत असेल, पण पाव विणताना गप्पा मारता येतात. मिरची विणताना श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. वीस मिनिटं जातात.

गेल्या दिवाळीच्या आधी डोंबिवलीतल्या एका प्रदर्शनात टेबल घेतलं होतं. एक बाई आल्या, वडापाव हातात घेऊन उलटापालटा केला, दाबून पाहिला (दाबून सगळेच पाहतात, का ते कळत नाही) आणि म्हणाल्या, "एकशे ऐंशी? मिरची काढून दिलीत तर कितीला पडेल?"

मी म्हटलं, "अहो, मिरचीशिवाय वडापाव कसा दिसेल?"

"तेच म्हणतेय. वडापाववाला मिरचीचे वेगळे पैसे घेतो का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दीडशेला दिला, मिरचीसकट. घरी येऊन हिशेब केला. लोकर, भरायचा कापूस, कडी, टेबलाच्या भाड्यातला वाटा वजा जाता तासाला साठ-बासष्ट रुपये सुटले. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताई तासाला माझ्या दुपटीहून जास्त कमावतात. त्यांना आजवर कुणी "पोळी न फुगवता कितीला कराल?" असं विचारलेलं नाही.

गिऱ्हाइकांचा दुसरा लाडका प्रश्न म्हणजे "याला किती वेळ लागला?" पावणेदोन तास हे उत्तर मी देते खरी, पण ते अर्धसत्य आहे. असे सलग पावणेदोन तास मी आयुष्यात पाहिलेले नाहीत. पावाचा खालचा अर्धा भाग डोंबिवली ते ठाणे फास्ट लोकलमध्ये होतो, तोही बसायला मिळालं तर. वड्याचा घुमट कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्ये. चटणीची कड बँकेतल्या रांगेत. आणि मिरची रात्री साडेदहानंतर, घर झोपल्यावर. हे तुकडे जोडून मी एक आकडा सांगते, इतकंच.

शिवाय हे काम मोजण्याचं. अमिगुरुमी या जपानी नावानं हल्ली मिरवणारी ही विणलेली, कापूस भरलेली खेळणी म्हणजे जवळजवळ सगळा मुका खांब या क्रोशाच्या टाक्याचा कारभार. मधोमध सहा टाके घालायचे, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढले की वर्तुळ सपाट बसतं. वाढवायचं थांबवलं की वाटी होऊ लागते. हे सगळं मनात मोजत असताना घरातून हाक येते, आणि माझं तेरा, चौदा, पंधरा, "भेंडी कर," सोळा की सतरा, असं होऊन बसतं. मग उसवायचं. क्रोशाची एक मोठी मेहेरबानी आहे, चुकलं तर सुई काढून टोक ओढलं की अर्ध्या तासाचं काम पाच सेकंदांत परत धागा होतं. ही मेहेरबानी आहे की चेष्टा, ते त्या दिवशीच्या मनःस्थितीवर.

शाळेत असताना पहिला गोल रुमाल विणला तेव्हा टाके मोजायचा कंटाळा करून मी वाटेल तिथे वाढवत गेले. रुमालाला लाटा आल्या, लाटांना लाटा आल्या. आईनं तो उचलून धरला आणि म्हणाली, "रुमाल कुठला, कोबी केलास." पुष्कळ वर्षांनी वाचलं की अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना नावाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली अगदी असाच कोबी मुद्दाम विणला होता. हायपरबोलिक नावाची जी भूमिती आहे, तिच्यातलं प्रतल हातात धरून दाखवायचं तर कागदाचे नमुने फाटतात. त्यांनी ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेले आणि ते प्रतल लोकरीत उभं केलं. फरक एवढाच, की त्यांनी प्रमाण ठरवलं होतं आणि माझं प्रमाण कंटाळ्यावर अवलंबून होतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "तरी कोबीच."

आईच्या पिढीनं क्रोशानं काय काय झाकलं! टीव्ही, रेडिओ, फ्रिजचं डोकं, पाण्याचा तांब्या, फोन. ज्या वस्तूला पाठ होती तिच्या पाठीवर रुमाल होता. दारावर जाळीच्या विणीत मोर आणि 'सुस्वागतम्', त्यातला त नेहमी थोडा दाटीवाटीत. यातलं काहीही कुणी विकलं नाही. विकायचं असतं, हेच सुचलं नाही. "रिकाम्या वेळात करते हो," असं प्रत्येक जण सांगायची. तो रिकामा वेळ मी पाहिलेला आहे. त्यात निवडायचे तांदूळ असायचे, आमचा अभ्यास असायचा, आल्यागेल्याचा चहा असायचा.

आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूरला हा रिकामा वेळ फार मोठ्या प्रमाणावर विकला गेला. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि त्यातून निर्यातीचा धंदा उभा राहिला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्या बायकांवर लिहिलेलं पुस्तक १९८२ साली आलं. दिवसाचे कित्येक तास सुई चालवणाऱ्या बायकांना कुणी कामगार म्हणतच नव्हतं, त्या घरी बसून फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी. आणि वेळ फावलाच असेल, तर त्याचा दर काय मागायचा? २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. मला ती बातमी वाचून बरं वाटलं, आणि लगेच मनात आलं की एका तासाला आता किती मिळत असतील.

कारण या कामात पळवाट नाही. दोन सुयांच्या विणकामाला इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं १५८९ सालीच यंत्र शोधून दिलं. टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईनं होणाऱ्या आपल्या क्रोशाला मात्र कारखान्यात वापरता येईल असं यंत्र अजून कुणी केलेलं नाही. म्हणजे बाजारात नव्व्याण्णव रुपयांना जे क्रोशाचं सूर्यफूल मिळतं, तेही कुणीतरी हातानंच विणलेलं. कुठल्या गावात, किती वाजता, कुणाच्या हाका ऐकत, ते त्या सूर्यफुलावर लिहिलेलं नसतं. अशी सूर्यफुलं दाखवून "तिकडे नव्व्याण्णवला आहे" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी पूर्वी वाद घालायचे. आता म्हणते, "घ्या ना, छान आहे." वाद घालण्याच्या वेळात निम्मी मिरची होते.

जानेवारीत तर मी माणसांत नसते. हळदीकुंकवाच्या वाणाची मागणी येते: "ऐंशी नग हवेत, तीसच्या आत बसवा, पण गोड दिसलं पाहिजे." यंदा डोळे आणि हसू असलेले ऐंशी तिळाचे लाडू केले. एकसष्टाव्या लाडवानंतर त्यांचं हसू कुत्सित व्हायला लागलं. तसेच दिले. कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर वाणात काही बोलू नये म्हणून गप्प राहिल्या असतील.

आणि मग आलं ते रुखवत. एका आईंचा फोन, मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर, रुखवतात काहीतरी वेगळं हवं. मुलगी पुण्यात आयटीत, तिला सुईत दोरा ओवायलाही सवड नाही. मी पाच फळं, करंज्या, लाडू, तुळशीवृंदावन, वीतभर जातं आणि सुपाएवढं सूप, म्हणजे सुपारीएवढं सूप, असं सगळं विणून दिलं. त्या आईंनी एक पैसा कमी केला नाही. फक्त म्हणाल्या, "ते तुमच्या नावाचं लेबल तेवढं काढाल का? रुखवत म्हणजे मुलीच्या हातचं. बरं दिसत नाही."

मी बसून प्रत्येक लेबल उसवलं. वाईट वाटलं का? थोडं. पण बिनघासाघिशीचं गिऱ्हाईक पाहून इतकं गहिवरून आलं होतं, की नजर लागू नये म्हणून लिंबू आणि सात मिरच्यांची एक माळही विणून टाकली. भाजीवाला कढीपत्ता टाकतो तशी, वरून.

लग्नाच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास फोन वाजला. मागे सनई, आणि पुढे कुजबुज. "ताई, मी बोलतेय, रुखवतवाली नवरी. सासूबाईंच्या आत्या चष्मा लावून रुखवतासमोरून हलायला तयार नाहीत. हा कुठला टाका, विचारतायत. काय सांगू?"

"मुका खांब, सांग."

पलीकडे शांतता. "काय?"

"मुका. मुका खांब."

"अहो ताई, आत्या आहेत त्या!"

"अगं, टाक्याचं नाव आहे ते!"

एवढ्यात फोन कुणीतरी हातातून काढून घेतल्याचा आवाज आला. "नमस्कार," एक करकरीत म्हातारा आवाज. "जात्याचा खुंटा एवढा ताठ कसा हो राहिला?"

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. "आत इअरबडची काडी आहे."

"वाटलंच. आम्ही खराट्याची घालायचो. बरं, मी कुणाला काही बोलत नाही, काळजी करू नका. पोरगी गोड आहे. फक्त एक सांगा, त्या मिरच्यांचे किती घेतलेत?"

"मिरच्यांचे नाही घेतले. त्या अशाच दिल्या."

"सातही?"

"हो."

"वेडी आहेस," आत्या एकदम अहोजाहोवरून खाली उतरल्या. "मिरचीलाच तर वेळ लागतो."