गियों ते दियों: मधल्या कड्या जोडताना

ही कॅनडातल्या क्युबेकमधल्या एका फ्रेंच घराण्याची वंशावळ. तिच्यातल्या दियों शाखेचं वरचं टोक, म्हणजे मूळपुरुष, पक्कं आहे. फ्रान्सच्या पेर्श प्रांतातल्या मोर्तान्यचा गवंडी जां गियों १६३४ मध्ये वसाहत वसवणाऱ्या रोबेर जिफारच्या मंडळींबरोबर क्युबेकजवळ बोपोरला आला. त्याच्या वंशात पुढे दियों, देप्रे अशी आडनावं फुटली. खालचं टोक तर घरच्या कागदांतच सापडतं. खरी मेहनत मधल्या पिढ्यांची, आणि सध्या तिथेच काम चालू आहे.

मधली कडी बाप्तिस्म्यावरून जोडू नये, लग्ननोंदीवरून जोडावी. पहिल्या लग्नाच्या नोंदीत सहसा वर-वधू दोघांच्या आईवडिलांची नावं आणि त्यांचं पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) मिळतं. बाई सगळीकडे माहेरच्या आडनावानेच येते, अगदी दफनाच्या नोंदीतही. आपल्या वंशावळींत सुनेचं माहेर गाळलेलं असतं. इथे तिची अख्खी फांदी आयती हाती लागते. दुसरेपणाच्या लग्नात मात्र पाद्री आईवडील न लिहिता फक्त ‘अमकीचा विधुर’ एवढंच लिहून मोकळा होतो. मग आधी पहिलं लग्न शोधणं आलं. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये लागायचं, म्हणून वराच्या गावची रजिस्टरं चाळत बसू नका. तिथे सापडलं नाही तर नोटरीकडचा विवाहकरार पाहा. त्यावरची तारीख लग्नाची नसते, करार अनेकदा आधी व्हायचा आणि क्वचित मोडायचाही.

उर्फनावांनी सगळ्यात जास्त घोळ होतो. १६६५ मध्ये आलेल्या कारिन्यां-सालिएर या फ्रेंच पलटणीतल्या शिपायांची लाफ्लर, सांसूसी, जोलीकर ही टोपणनावं पुढे आडनावं झाली. लाफ्लर हे एक कूळ नव्हे. तुकडी वेगळी, माणूस वेगळा, टोपणनाव तेच. शिवाय एकाच घरात एक भाऊ मूळ आडनाव चालवतो, दुसरा उर्फनाव, आणि तिसऱ्याच्या मुलांच्या बाप्तिस्म्यांत दोन्ही आलटून पालटून येतात. अशा वेळी शोधात नवऱ्याच्या आडनावाचा रकाना रिकामा ठेवावा, त्याचं पाळण्यातलं नाव आणि बायकोचं पूर्ण नाव घालावं. जोडपं तेच राहिलं की आडनाव कुठल्या सालात बदललं ते आपोआप दिसतं. सीमेपलीकडे अमेरिकेत गेलेल्या शाखांत तर भाषांतरंही झाली: बुआव्हेरचं ग्रीनवुड, रुआचं किंग.

पाळण्यातल्या नावांचीही खबरदारी घ्या. मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव देण्याची चाल होती. त्यामुळे जां सापडला म्हणून लग्नाशी जोडून टाकू नका. त्याच जोडप्याची सगळी मुलं क्रमाने लावा, दफनाच्या नोंदी तपासा, मगच ठरवा. नाव पुष्कळदा बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं असतं, म्हणून त्यांची आडनावंही टिपून ठेवा. ते अनेकदा काका, मामा, आजीच निघतात. नंतरच्या काळात मुलींच्या नावाआधी मारी आणि मुलांच्या नावाआधी जोझेफ सर्रास लागतं. हाक मारायचं नाव बहुतेकदा त्याच्या पुढचं.

साधनांत तांगेच्या क्युबेकी घराण्यांच्या वंशावळकोशाचे ७ खंड (१८७१ ते १८९०) दिशा दाखवायला चांगले, पण चुका आहेत. १७३० पर्यंतच्या घराण्यांसाठी जेटेचा १९८३ चा तसाच कोश जास्त भरवशाचा. शेवटचा शब्द मूळ पानाचाच. १६७९ पासून रजिस्टरांच्या दोन प्रती ठेवल्या जात, एक चर्चमध्ये, एक सरकारकडे. एक फिकट असेल तर दुसरी मागा, पण नक्कल करताना पाद्री नाव वेगळं लिहू शकतो. क्युबेक शहरातली १६४० पूर्वीची नोंद दिसली तर ती आठवणीतून पुन्हा लिहिलेली असणार, कारण त्या साली चर्चला लागलेल्या आगीत मूळ वही जळाली.

पुढची गाठ एका लग्नातल्या नातेसंबंधाच्या परवानगीची आहे, म्हणजे नात्यातल्या वर-वधूंना लग्नासाठी चर्चने दिलेल्या सूटीची. तिथे एका आईचं नाव नोंदीत नाही. ‘तिसऱ्या अंशाची’ सूट म्हणजे वर-वधूचे पणजोबा-पणजी समाईक, ‘चौथ्या अंशाची’ म्हणजे खापरपणजोबांची पिढी. दोघांचे आठ-आठ पणजोबा-पणजी समोरासमोर मांडले की ही गहाळ आई कुठल्या घरची असू शकते ते दोन-तीन नावांवर येतं. फक्त सूट रक्ताच्या नात्याची आहे की सोयरिकीची, ते आधी वाचून घ्या. विधुराच्या लग्नात बऱ्याचदा सोयरिकीचीच असते.