आमची ट्रेनिंग जिम : वॉल चालू होऊन चार महिने, आतापर्यंतची नोंद

मंडळी, आमच्या ग्रुपच्या क्लाइंबिंग वॉलबद्दल मागच्या वेळी लिहिलं तेव्हा नुसती लोखंडी फ्रेम उभी होती आणि प्लायवूड भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. आता वॉल चालू होऊन चार महिने झालेत, रोज संध्याकाळी कोणी ना कोणी असतंच, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढते, ज्यांच्या डोक्यात असं काही सुरू करायचं घोळतंय त्यांना उपयोग होईल.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते कोनावरून, म्हणजे वॉल सरळ उभ्या रेषेपासून किती पुढे झुकवायची यावरून. आमच्या अकरा जणांच्या ग्रुपमधले चौघं खूप स्ट्राँग आहेत, त्यांना ४० अंशाचाच बोर्ड हवा होता, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मूनबोर्ड म्हणजे जगभर एकाच आराखड्याने बनणारा बोर्ड, तो सहसा ४० अंशाचा असतो, ११ उभ्या आणि १८ आडव्या ओळी, होल्ड (हातापायांनी पकडायचे तुकडे) ठरलेले, त्यांच्या जागा आणि दिशाही ठरलेल्या, त्यामुळे जगात कुठेही कोणी बनवलेला प्रॉब्लेम, म्हणजे ठरावीक होल्डवरून चढायचा छोटा मार्ग, आपण आपल्या बोर्डवर जसाच्या तसा ट्राय करू शकतो, आणि ही खरंच भारी गोष्ट आहे. पण मी एक दिवस बसून येऊ म्हणणाऱ्यांची यादी काढली. २३ नावं. त्यातल्या १५ जणांनी आयुष्यात कधी ओव्हरहँगवर, म्हणजे पुढे झुकलेल्या भिंतीवर, हात ठेवला नव्हता आणि नऊ-दहा जण तर मुळात डोंगरवाले, म्हणजे लांब चढाया, जड सॅक, त्यांना बोटांपेक्षा पायांची आणि दमाची काळजी. ४० अंशावर नवीन माणूस पहिल्या मूव्हला सुटतो, दहा मिनिटांत हात पंप होतात, म्हणजे भरून येतात, आणि परत येत नाही, हे मी दुसरीकडे डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून शेवटी ठरलं, ३० अंशाची स्प्रे वॉल (दाटीने होल्ड लावलेली, प्रॉब्लेम आपणच ठरवायचे) आणि बाजूला एक सरळ उभं पॅनल. कोन बदलता येणारी वॉल करायची का हेही पाहिलं, पण हलणारी फ्रेम बरीच जड करावी लागेल, बिजागरीपाशी सगळा ताण येईल असं इंजिनियरने सांगितलं, मग तो नाद सोडला.

कोनाचं गणित आधी कागदावर करा, प्लीज. आमचा बोर्ड तिरका मोजला तर ३.६६ मीटर, म्हणजे प्लायवूडचं दीड शीट. ३० अंशाला त्याची सरळ उंची ३.१७ मीटर होते आणि तो पुढे १.८३ मीटर येतो. तोच ४० अंशाला ठेवला असता तर उंची २.८० आणि पुढे २.३५. खाली ३० सेंटीमीटरची गादी, त्यावर ३० सेंटीमीटरचा किकर (बोर्डच्या पायथ्याची सरळ उभी पट्टी), म्हणजे आम्हाला ३.७७ मीटर लागणार होते आणि छत ४ मीटरवर आहे, बसलं. आणि पुढे येणारा भाग वाढला की गादीही तितकी पुढे न्यावी लागते हे बहुतेक जण विसरतात, आम्ही बोर्डच्या वरच्या कडेच्या पुढे अजून अडीच मीटर गादी ठेवलीय.

फ्रेमबद्दल एकच सांगते. आम्ही विटांच्या भिंतीत अँकर मारून मोकळे होणार होतो. इंजिनियरने भिंत ठोकून पाहिली आणि सरळ नाही म्हटलं, माणूस डायनो मारून, म्हणजे उडी घेऊन, होल्ड पकडतो तेव्हाचा झटका वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तो रोज शेकडो वेळा बसतो, विटा हळूहळू सैल होतात. मग स्वतःच्या पायांवर उभी राहणारी फ्रेम केली, पाय काँक्रीटच्या फरशीत. वेल्डर मिळेल, सुतार मिळेल, पण इंजिनियरची सही असलेलं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय लोखंड कापू नका.

आता टी-नट, म्हणजे प्लायच्या मागे बसणारे नट, ज्यांत होल्डचे बोल्ट आवळतात. १८ मिमीचं बर्च प्लाय, २० सेंटीमीटरची ग्रिड, एका पूर्ण शीटला ७२ भोकं, साडेचार शीटची मिळून ३२४. सगळ्या भोकांच्या खुणा आधी एकाच शीटवर केल्या आणि तेच शीट टेम्प्लेट म्हणून वापरलं, त्यात एक पूर्ण दिवस वाचला. एम-१० चे काटेवाले टी-नट मागून हातोडीने ठोकत गेलो आणि इथेच माझी चूक झाली. ठोकताना काही तिरके बसले, ते तेव्हा दिसत नाही, पण सहा आठवड्यांनी होल्ड काढायला गेलं की बोल्टबरोबर नटही फिरायला लागतो, आणि वॉलच्या मागे हात जायला जागा नसेल तर संपलंच. आमचे १७ फिरले. मागच्या बाजूला माणूस सरकेल एवढी फट ठेवली होती म्हणून निभावलं, एकाने मागून पान्याने धरायचं आणि दुसऱ्याने पुढून सोडवायचं. उभ्या पॅनलला मग स्क्रूने बसणारे टी-नट घेतले, वेळ जास्त लागतो पण एकही फिरलेला नाही. अजून एक, इम्पॅक्ट ड्रायव्हरने होल्ड शेवटपर्यंत आवळू नका, प्लास्टिकला चीर जाते. थोडं आधी थांबायचं आणि शेवटचा पीळ एलन कीने हाताने द्यायचा, आणि मोठ्या होल्डला बाजूच्या बारीक भोकातून एक लाकडी स्क्रू मारायचाच, म्हणजे कोणी लटकलेलं असताना तो गर्रकन फिरत नाही.

गादीचं प्रकरण मात्र मनाला लागलं. पहिल्या गाद्या सुट्या होत्या, शेजारी शेजारी मांडलेल्या, आणि बनवणाऱ्याने आतला फोम आम्ही सांगितला त्यापेक्षा मऊ घातला होता. दुसऱ्याच आठवड्यात एक मैत्रीण अगदी खालून, जेमतेम दीड मीटरवरून उतरली, पाय दोन गाद्यांच्या फटीत गेला आणि घोटा मुरगळला. सहा आठवडे ती वॉलपासून लांब. त्या रात्री आम्ही वॉल बंद केली आणि गादीचं काम पूर्ण होईपर्यंत उघडली नाही, तीन आठवडे लागले, काही जण चिडले, पण माझं मत आजही तेच आहे. आता रचना अशी आहे की खाली जाड, मोकळ्या पेशींचा मऊ फोम आणि वर पातळ, बंद पेशींचा कडक फोम. वरचा थर पडण्याचा जोर पसरवतो, खालचा तो शोषतो, नुसता मऊ असेल तर टाच थेट जमिनीपर्यंत जाते आणि नुसता कडक असेल तर गुडघ्याला बसते. वरून एकच अखंड कव्हर, मध्ये कुठेही फट नाही. आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिली पंधरा मिनिटं फक्त पडायला शिकवतो, दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, मग मागे लोळण, हात छातीशी. हात मागे टेकवला की मनगट किंवा कोपर गेलंच समजा.

सेटिंगबद्दल, म्हणजे होल्ड लावून प्रॉब्लेम बनवण्याबद्दल, मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण जिम सगळ्यांची आहे की मोजक्यांची हे तिथे ठरतं. माझी उंची १५२ सेंटीमीटर. पहिला सेट चौघा उंच मुलांनी मिळून केला, मनापासून केला, रात्री दोनपर्यंत राबले, पण त्यांना व्ही-१, म्हणजे सोप्या ग्रेडच्या, वाटलेल्या प्रॉब्लेममध्ये मला दोन ठिकाणी उडी मारावी लागत होती. तक्रार म्हणून नाही सांगत, त्यांना ते दिसतच नव्हतं कारण त्यांचा हात पोहोचत होता. मग नियम केला की सोप्या सर्किटमधला, म्हणजे एकाच पातळीच्या प्रॉब्लेमच्या संचातला, कुठलाही प्रॉब्लेम आमच्यातल्या सगळ्यात बुटक्या माणसाने चढल्याशिवाय त्याला खुणेची टेप लागणार नाही. फक्त एक मधला फूटहोल्ड वाढवला तरी बऱ्याचदा काम होतं. सोप्या सर्किटला आम्ही ग्रेडही लावत नाही, फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या जंगलात दगडांवर रंगांची सर्किट असतात तसे रंग लावलेत, पिवळं, निळं, लाल. यामुळे झालं काय की नवीन लोक आकडे विचारायचे बंद झाले आणि "पिवळ्यातले किती झाले" असं विचारायला लागले, म्हणजे एका संध्याकाळी दहा-बारा वेगवेगळे प्रॉब्लेम चढतात, जे ट्रेनिंग म्हणून एकाच प्रॉब्लेमवर आपटत बसण्यापेक्षा नवशिक्याला कितीतरी चांगलं. आणि ते चौघं स्ट्राँग? तेही खूश आहेत, ३० अंशावर फूटहोल्ड नखाएवढे केले आणि हाताला स्लोपर (गोलसर, धरायला कड नसलेले होल्ड) दिले की कोणाचीही परीक्षा होते.

बोटांच्या ट्रेनिंगला एक हँगबोर्ड (बोटांनी लटकायची फळी) आहे, २० मिमीची कड, नियम साधे लिहून लावलेत : नीट वॉर्मअप झाल्याशिवाय हात लावायचा नाही, १० सेकंद लटकायचं, ३ मिनिटं थांबायचं, हाफ क्रिम्प (बोटं अर्धी वाकवून) किंवा ओपन हँड (बोटं जवळपास सरळ), फुल क्रिम्प (बोटं पूर्ण दुमडून) नाही, कारण त्यात ए-टू पुलीवर, म्हणजे बोटातल्या टेंडनला हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, सगळ्यात जास्त ताण येतो. पहिलं वर्षभर तर मी कोणालाच वजन बांधून लटकू देणार नाहीये. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, टेंडन आणि पुलीला त्याहून खूप जास्त वेळ लागतो, आणि गंमत म्हणजे माणसाला ताकद आल्यासारखं वाटतं नेमकं तेव्हाच बोट जातं.

कॅम्पस बोर्डची, म्हणजे पायांशिवाय नुसत्या हातांनी वर जायच्या पट्ट्यांच्या बोर्डची, जागा आम्ही सोडली होती. जर्मन क्लाइंबर वुल्फगांग ग्युलिशने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या ज्या जिममध्ये तो पहिल्यांदा लावला तिच्या नावावरूनच त्याला कॅम्पस म्हणतात, आणि त्यावर तयार होऊन त्याने १९९१ मध्ये अ‍ॅक्शन डिरेक्ट केला, खडकावरचा हा मार्ग जगातला पहिला ९ए (अवघडपणाचा ग्रेड) मानला जातो. मला हा इतिहास फार आवडतो. पण आमच्याकडे १३ ते १६ वयाची सहा मुलं येतात, त्या वयात बोटांच्या हाडांची वाढ चालू असते, ग्रोथ प्लेट नाजूक असते, आणि पायांशिवाय झटक्याने कडा पकडायची सवय लागली तर तिथे फ्रॅक्चर होऊ शकतं. बोर्ड लावायचा आणि मुलांना हात लावू नका म्हणायचं हे माझ्याने झालं नसतं, मुलं करतातच. शेवटी ती जागा स्टेप-बॉक्सना दिली.

आणि हा कोपरा सगळ्यात जास्त वापरला जातोय! सुरुवातीला दोन बॉक्स होते, आता सहा आहेत आणि तरी संध्याकाळी नंबर लावावा लागतो. २०, ३० आणि ४० सेंटीमीटरचे, प्लायचेच, उरलेल्या शीटमधून केले. ३० च्या बॉक्सवर १००० वेळा चढलं की ३०० मीटर चढ झाला, हा हिशोब सगळ्यांना पटकन पटतो. मिनिटाला २० चढ ठेवले तर तासाला ३६० मीटर पडतात, लांब चढाईत टिकवता येण्यासारखा वेग आहे. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, सुरुवात शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांनी, एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे दर आठवड्याला एक बाटली वाढवणं सोपं जातं. लोक एकच चूक करतात, फार जोरात करतात. वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, नाकाने श्वास घेता आला पाहिजे, तरच एरोबिक बेस, म्हणजे दमाचा पाया, तयार होतो. आणि बॉक्सवरून धपकन उतरायचं नाही, तीन मोजत हळू उतरायचं, कारण डोंगरात मांड्या भरतात त्या उतरताना, आणि त्याची तयारी चढण्याने होत नाही. आमच्यातल्या एक काकू, वय ५८, वॉलला कधी हात लावला नव्हता, आठवड्यातून तीनदा बॉक्स करायला यायच्या, नवव्या आठवड्यात बॉक्सच्या मधल्या विश्रांतीत पिवळ्यातला एक चढून गेल्या. आता सहा झालेत त्यांचे.

रोजचं म्हणाल तर, किल्ल्या पाच जणांकडे, वार वाटून घेतलेत, एकट्याने चढायचं नाही हा एकमेव नियम ज्यात सूट नाही. गुरुवार नवख्यांचा, त्या दिवशी जुन्यांनी स्वतःचे प्रोजेक्ट ट्राय करायचे नाहीत, फक्त शिकवायचं. चॉकच्या (हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरच्या) धुळीने पहिल्या महिन्यात दोघांना खोकला झाला, तेव्हापासून झाडू बंद, व्हॅक्यूम, तोही हेपा फिल्टरवाला, आणि समोरासमोरच्या भिंतींत एक्झॉस्ट पंखा आणि हवा आत यायची जाळी. बाहेरच्या चपला-बूट गादीवर नाहीत.

राहिलेलं काम बरंच आहे. उभ्या पॅनलवर बॅलन्ससाठी मोठे व्हॉल्यूम (भिंतीवर बसणारे मोठे पोकळ आकार) बसवायचेत, ते आम्हीच प्लायचे करतोय, कोपऱ्यांचे कोन अजून नीट जुळत नाहीयेत. डोंगरवाल्या आठ जणांची एक तासाची टेस्ट घ्यायचीय, एकाच वेगाने बॉक्स, पहिल्या अर्ध्या तासाचा सरासरी हार्ट रेट आणि दुसऱ्या अर्ध्याचा, फरक पाच टक्क्यांच्या आत आला तर वेग त्यांच्या एरोबिक मर्यादेत आहे, आकडे पुढच्या नोंदीत टाकते. आणि या शनिवारी निळं सर्किट पूर्ण उतरवायचंय, होल्ड साबणाच्या पाण्यात भिजत घालायचेत, नवीन सेट या वेळी त्या १३ ते १६ च्या मुलांकडे दिलाय, काकू टेस्टिंगला आहेत.