लेतेफोहोतली गोड कॉफी

"साखर नको," मी म्हटलं. ड्रायव्हरने ते तिथल्या तेतुम भाषेत सांगितलं आणि यजमानीण तियाचा हात साखरेच्या डब्यावरच थांबला. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा उतरला.

पूर्व तिमोरला मी कॉफीसाठीच गेले होते. राजधानी दिलीतले दोन दिवस उकाड्यात गेले. हॉटेलात सकाळी पाकिटातली इन्स्टंट कॉफी पुढ्यात आली, त्याचा राग अजून आहे. तेल आणि वायू सोडले तर हा देश सगळ्यात जास्त निर्यात करतो ती कॉफी, आणि पाहुण्याला हे? तिसऱ्या दिवशी एर्मेरा जिल्ह्यातल्या लेतेफोहोला निघाले. रस्त्याने कंबर पार मोडली.

जुलै म्हणजे तोडणीचा हंगाम. बाग कसली, जंगलच ते. वर सावलीची उंचच उंच झाडं, खाली कॉफीची जुनी, वर्षानुवर्षं न छाटलेली झाडं. फांदी वाकवून लाल फळं तोडायची. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जातींचा आपोआप झालेला संकर, 'हिब्रिदो दि तिमोर', याच बेटावर 1920 च्या दशकात सापडला. तांबेरा या पानांवरच्या बुरशीच्या रोगाला तो दाद देत नाही. 1869 मध्ये सिलोनमध्ये शिरलेल्या याच तांबेऱ्याने तिथले कॉफीचे मळे संपवले आणि त्यांच्या जागी चहा आला. आपल्या कर्नाटकातल्या 'चंद्रगिरी' वाणाच्या वंशावळीतही हे तिमोरी झाड आहे. चिकमगळूरची कॉफी पिणारी मी, त्या खोडावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिले.

तियाच्या अंगणात हाताने फिरवायचं यंत्र होतं. फळं पाण्यात टाकायची, तरंगतील ती बाजूला काढायची. दांडा फिरवला की एकीकडे लाल सालं पडतात, दुसरीकडे बिया. सीताफळाच्या बीसारख्या बुळबुळीत, बोटांतून निसटणाऱ्या. मग त्या आंबवायच्या, धुवायच्या आणि ताडपत्रीवर वाळवायच्या. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम किलोभर कॉफी निघते.

दुपारी डोंगरावरून धुकं उतरलं, चार थेंब पडले आणि एकच ओरडा झाला. सगळे धावले, मीही धावले. लहानपणी आभाळ भरून आलं की गच्चीवरच्या कुरडया उचलायला आई अशीच हाका मारायची. चौघांनी ताडपत्रीची चार टोकं धरली, तशा वाळत आलेल्या बिया खडखडत मधोमध गोळा झाल्या. भिजल्या तर बुरशीचा वास धरतात आणि महिनाभराच्या कष्टांचा भाव पडतो. तिया ताडपत्रीवर ओणवी झाली होती, स्वतः भिजत होती.

त्यानंतरची ती कॉफी. कढईत काळीभोर भाजलेली, उखळात कुटलेली, सोबत उकडलेलं रताळं. मला तिची खरी चव हवी होती, म्हणून साखर नको म्हटलं. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "कॉफी यांच्या घरची. साखर विकत आणलीय, तुमच्यासाठी."

मला फार लाज वाटली. आमच्या आजीने पाहुण्याला फिका चहा कधी दिला असता का?

"घाला," मी म्हटलं. तिने तीन चमचे भरून घातले. धुराचा वास, काकवीसारखा दाट गोडवा, मागून कडवटपणा आणि तळाशी चोथा. मी दुसरा कप मागितला, तेव्हा तियाने अख्खा डबाच माझ्यापुढे सरकवला.