काटा लाल पट्ट्यात जायचा ते गाणं

१९९१ साली मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेज सुटलं की मामाच्या दुकानात कॅसेटी भरून द्यायचो. नारायण पेठेतला लहानसा गाळा, लक्ष्मी रोडपासून दोन मिनिटांवर. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचे, सोबत कोरी कॅसेट, ६० किंवा ९० मिनिटांची. भरून झाली की आतल्या कार्डावर बारीक अक्षरात नावं लिहायची आणि वरच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकायचे, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरत नाही.

त्या वर्षी दर दुसऱ्या यादीत ‘घोस्टमधलं गाणं’ असायचंच, म्हणजे ‘घोस्ट’ या हॉलिवूडच्या सिनेमातलं. ‘अनचेन्ड मेलडी’ हे नाव फार थोड्यांना माहीत होतं.

हे गाणं भरताना एक पथ्य होतं. सुरुवात इतकी हळू की डेकवरचा, आवाजाची पातळी दाखवणारा काटा जेमतेम हलतो. नवखा हात लगेच लेव्हल वाढवतो. आणि शेवटाकडे गायक बॉबी हॅटफील्ड तो वरचा सूर लावतो तेव्हा काटा थेट लाल पट्ट्यात जातो आणि टेपवर आवाज फाटतो. माझ्या सुरुवातीच्या पंधरा-वीस कॅसेटी अशाच गेल्या. पुढे मला त्या सुराआधीचा श्वास पाठ झाला. तो ऐकू आला की बोट आपोआप बटणावर जायचं.

एक दिवस एक मुलगी भरलेली कॅसेट परत घेऊन आली. ‘दादा, हे ते गाणं नाही.’

‘तेच आहे. नाव वाच ना.’

‘नाव तेच आहे. गाणं ते नाही.’

दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं. शटर अर्धं ओढून मी दुकानातल्या दोन कॅसेटींवरचं तेच गाणं लागोपाठ लावलं. तिचंच खरं होतं. एक १९६५चं मूळ ध्वनिमुद्रण, दुसरं १९९०चं. सिनेमा गाजल्यावर ‘राइचस ब्रदर्स’ या जोडीने तेच गाणं नव्याने गाऊन बाजारात आणलं होतं. दोन्ही ध्वनिमुद्रणं एकाच वेळी अमेरिकेतल्या पहिल्या वीस गाण्यांत होती. गायक तोच, चाल तीच, फक्त मधे २५ वर्षं गेलेली. जुन्यात त्या वरच्या सुराला जाताना हॅटफील्डचा जीव टांगणीला लागल्यासारखा वाटतो. नव्यात तो सूर कुठे लागणार हे त्याला माहीत आहे. मी जुनं भरून दिलं, तिने तिथेच उभं राहून हेडफोनवर शेवटपर्यंत ऐकलं आणि मगच गेली.

तेव्हापासून मला या गाण्याचा नाद लागला.

ही जोडी सख्ख्या भावांची नव्हती आणि हे गाणं त्यांच्यातल्या एकट्या हॅटफील्डने गायलंय. १९६५ साली ते रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला होतं, म्हणजे ज्याच्याकडून कुणाची फार अपेक्षा नसते त्या बाजूला. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून तेच वाजवलं आणि ते चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

पण गाणं मुळात त्याच्याही आधीचं, १९५५चं. अ‍ॅलेक्स नॉर्थचं संगीत, हाय झॅरेटचे शब्द. सिनेमाचं नाव ‘अनचेन्ड’, आणि तो कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या तुरुंगावर होता. तिथे तेव्हा उंच भिंती नव्हत्या, कैद्यावर विश्वास टाकून त्याला ठेवलेलं असायचं. पळून जावं की शिक्षा पुरी करावी, हा त्याच्यापुढचा प्रश्न. ‘अनचेन्ड’ हा शब्द गाण्यात कुठेही येत नाही, तो नुसता सिनेमावरून चिकटला. पडद्यावर ते गायलं टॉड डंकनने. १९३५ साली गर्श्विनच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरात पोर्गीची भूमिका पहिल्यांदा करणारा हाच.

हे कळलं आणि माझ्यासाठी गाणंच बदललं. तोवर मी ते प्रेमात पडलेल्या पोरांसाठी भरत होतो. वेळ फार हळू सरतोय, तू अजून माझीच आहेस ना, मी घरी येतोय, थांब. हे सगळं एक कैदी म्हणतोय! त्या ‘अजून माझीच ना?’मध्ये लाडिकपणा नाही, भीती आहे. डंकनचा खर्जातला आवाज ऐका. काटा लाल पट्ट्याच्या जवळपासही जात नाही. तुरुंगात रात्री माणूस ओरडून गात नसणार.

१९५५मध्येच या गाण्यावर गायकांची झुंबड उडाली. लेस बॅक्स्टरच्या वाद्यवृंदाचं गाणं अमेरिकेत पहिलं आलं, मला ते फार गोड लागतं. रॉय हॅमिल्टनचा आवाज भरदार. पण अल हिब्लर मात्र जरूर ऐका. हा जन्मांध गायक, ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात अनेक वर्षं गायलेला. तो शब्दावर असा रेंगाळतो, की पुढचा शब्द हाताने चाचपून शोधतोय असं वाटतं. ब्रिटनमध्ये जिमी यंगने ते पहिल्या क्रमांकावर नेलं. पुढे हॅटफील्डचं १९९०मध्ये, रॉबसन आणि जेरोम या दोन नटांचं १९९५मध्ये आणि गॅरेथ गेट्सचं २००२मध्ये तिथे पहिलं आलं. शेवटची दोन मी एकदाच ऐकली, तेवढं पुरलं.

एल्विस प्रेस्लीने २१ जून १९७७ला अमेरिकेतल्या रॅपिड सिटीत स्वतः पियानोवर बसून ते म्हटलं. चेहरा सुजलेला, घामाने डबडबलेला, आणि आवाज मात्र शाबूत. १६ ऑगस्टला तो गेला. ते चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहत नाही, पाहवत नाही.

मामा गेले, दुकान केव्हाच बंद झालं. आता मी घरीच लोकांच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून देतो. मागच्या पावसाळ्यात कोथरूडच्या एक बाई डबाभर कॅसेटी घेऊन आल्या. एकीच्या कार्डावर माझं अक्षर होतं. आत टेपला बुरशी आलेली, ती साफ करून लावली. शेवटी हॅटफील्डचा श्वास आला, मागोमाग सूर, आणि आवाज फाटला. माझ्या पहिल्या पंधरा-वीसपैकी एक.

मी म्हटलं, ‘ताई, एवढं गाणं चांगलं मिळतं, त्या जागी घालून देऊ?’

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या घरात सगळ्यांना असंच पाठ आहे. हे म्हणायचे तेही तिथे असाच आवाज काढायचे.’

मी टेप मागे नेली आणि लेव्हलला हात न लावता पुन्हा सुरू केली.