जुन्या गाडीचे हेडलाइट मिणमिणतायत? बल्ब आणायच्या आधी अर्थिंग बघा

परदेशात नव्याने आलेल्या बऱ्याच जणांची पहिली गाडी जुनीच असते, आणि थंडीत अंधार एवढा लवकर पडतो की ऑफिसला जाता-येता दोन्ही वेळा हेडलाइट लागतात, म्हणजे लाइटची दुखणी नेमकी तेव्हाच वर येतात. मेकॅनिक तासावर पैसे घेतो, आणि इलेक्ट्रिकलचा फॉल्ट शोधण्यात तास कसे उडतात ते विचारू नका, म्हणून एक साधा मल्टिमीटर (व्होल्टेज वगैरे मोजायचं छोटं यंत्र) घरात असलेला बरा.

लाइट मंद झाला की लोक सरळ नवा बल्ब घालतात. एकाच बाजूचा प्रॉब्लेम असेल तर आधी डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून बघा, खराबी बल्बबरोबर पलीकडे गेली तर बल्ब, तिथेच राहिली तर फ्यूज किंवा वायरिंग. (हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डाग पडतो तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.)

आता खरी गंमत. कनेक्टर काढून त्यात मीटर लावला की मस्त १२ व्होल्ट दिसतात आणि आपण म्हणतो करंट तर येतोय! पण मीटर जवळपास काही ओढतच नाही, वायरीचा एक धागा शिल्लक असला तरी तो १२ दाखवणार. ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपियरच्या आसपास ओढतो, वायरिंगचा कस तिथे लागतो. म्हणून बल्ब जोडलेला आणि लाइट चालू ठेवूनच मोजायचं. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी कनेक्टरच्या मागून बल्बच्या अर्थच्या पिनला (अर्थिंग म्हणजे बल्बमधून करंट गाडीच्या बॉडीमार्फत बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट). ०.१-०.२ व्होल्ट दिसले तर ठीक, अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. व्होल्टेज १० टक्के पडलं तरी हॅलोजनचा उजेड साधारण ३० टक्के कमी होतो, त्यामुळे हा एक व्होल्ट किरकोळ समजू नका.

अर्थिंगची वायर बहुतेक वेळा हेडलाइटजवळच बॉडीला बोल्टने कसलेली असते, आणि बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तो बोल्ट गंजून जातो. काढा, पॉलिश पेपरने चकचकीत घासा, घट्ट कसा, वरून थोडं ग्रीस. लो-हाय बदलताना दोन्ही फिलामेंट अर्धवट पेटतात किंवा इंडिकेटर दिला की हेडलाइट पण लुकलुकतो, असलं भुताटकीसारखं काही दिसलं तर मी तरी आधी अर्थिंगवरच संशय घेते.

अर्थिंग चांगलं निघालं तर तसंच प्लसकडून मोजा, बॅटरीचा प्लस ते बल्बचा प्लस. इथे बराच फरक आला तर स्विच, डिपर, कनेक्टर सगळं तपासा. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिले (थोड्या करंटने चालणारा आणि मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसतोच, सगळा करंट स्विचमधून जातो, कॉन्टॅक्ट जळतात, स्विच हाताला गरम लागतो. उपाय म्हणजे रिले: ३० नंबरची पिन फ्यूजमधून बॅटरीला, ८७ बल्बला, ८५ अर्थला आणि ८६ ला हेडलाइटची जुनी वायर. लो आणि हायला वेगवेगळा रिले लागतो.

फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा घालणं म्हणजे वायरिंग पेटवायला निघणं, त्यापेक्षा वायर कुठे पत्र्याला घासतेय ते शोधा. आणि बल्बच सारखे उडत असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा, साधारण १३.८ ते १४.५ हवेत, १५ च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय.

१०० वॉटचे बल्ब मात्र नकोच, होल्डर वितळतात. व्होल्टेज सगळीकडे बरोबर असूनही उजेड नसेल तर लेन्स पिवळी पडलीय का बघा, ती पॉलिश करता येते. पण आतल्या रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर अख्खा हेडलाइटच बदलावा लागतो.