४,४४,९०६ : आपल्या पिन कोडची उकल

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शाळेचं ऋण मानायचं, तर ते गणितातच मानावं असं वाटलं. वरुडचा पिन कोड ४४४९०६ आपण सगळ्यांनीच दाखल्यावर, अर्जावर, पाकिटावर लिहिला. १५ ऑगस्ट १९७२ पासून टपाल खात्याने सुरू केलेली ही पद्धत फक्त ठिकाण सांगते. पण संख्या म्हणून हा आकडा फार श्रीमंत आहे, आणि त्याचे अवयव पाडायला वर्गात शिकलेल्या कसोट्या पुरतात.

शेवटी ६ आहे, म्हणून २ ने भाग जातो. अंकांची बेरीज २७, म्हणून ९ नेही जातो. इथेच मुलं घसरतात. बेरीज २७ आली की संख्येला २७ ने भाग जाणारच, असं धरून चालतात. हेच अंक फिरवून ४,४९,४०६ करा. बेरीज तीच, पण २७ ने भागल्यावर बाकी १८. कारण १० ला ९ ने भागलं की १ उरतो, २७ ने भागलं तर १० तसेच राहतात. १००० ला मात्र २७ ने भागून १ च उरतो, कारण ९९९ = २७ × ३७. म्हणून २७ साठी तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज घ्यायची : ४४४ + ९०६ = १३५०, म्हणजे २७ × ५०. भाग गेला.

७, ११ आणि १३ साठी हेच गट वजा करायचे, कारण १००१ = ७ × ११ × १३. ९०६ − ४४४ = ४६२. याला ७ ने आणि ११ ने भाग जातो, १३ ने ७ उरतात. एका वजाबाकीत तीन कसोट्या! वजाबाकी उजव्या गटातूनच करावी. उलट केली तर १३ ची बाकी ७ ऐवजी ६ येते.

२, २७, ७ आणि ११ ने ओळीने भागल्यावर उरतात १०७. त्याचं वर्गमूळ ११ च्या आत, म्हणून २, ३, ५, ७ तपासले की पुरे. ती मूळ संख्या आहे.

४,४४,९०६ = २ × ३³ × ७ × ११ × १०७

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार : २ × ४ × २ × २ × २ = ६४. तीनचा घन विसरला की उत्तर ३२ येतं.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी हर्षद संख्या म्हटलं. आपली संख्या हर्षद आहे : ४,४४,९०६ ÷ २७ = १६,४७८.

शेजारच्या मोर्शीचा ४४४९०५ लागूनच आहे, म्हणून दोघांत १ शिवाय सामाईक विभाजक नाही. तो ५ × ८८,९८१. इथे ३, ७, ११, १३ कोणीच लागू पडत नाही. दोन-दोन अंकांचे गट पाडा, ८ | ८९ | ८१, आणि आळीपाळीने वजा-अधिक करा : ८१ − ८९ + ८ = ०. म्हणजे १०१ ने भाग जातो, आणि उरलेला ८८१ मूळ आहे.