‘उद्या येतंय’ म्हणणाऱ्याकडे टायरचा ॲडव्हान्स देऊ नका

माझ्या पोलो जीटीसाठी टायरचा आकार ठरवायला मला एक संध्याकाळ पुरली. तो आकार गाडीला बसायला सहा आठवडे गेले, आणि त्यातले पाच कोल्हापुरातल्या एकाच मोठ्या दुकानाच्या काउंटरवर. अजून त्या रस्त्यानं जाताना राग येतो, म्हणून हे लिहून ठेवतोय.

सुरुवात आंबा घाटात झाली. २०२५चा जून, पहिला जोरदार पाऊस. रत्नागिरीहून परत चढताना एका वळणावर स्टिअरिंग वळलं, पण गाडी हातभर सरळच गेली. वेग चाळीसही नव्हता. घरी येऊन बघितलं तर पुढच्या दोन्ही टायरची नक्षी खाचांमधल्या खुणेच्या पट्टीला टेकली होती. ती पट्टी १.६ मिलिमीटरवर असते. तिथपर्यंत टायर झिजला की तो बदलायचाच, पावसाळ्यात तर त्याच्या आधीच.

कंपनीनं दिलेला आकार १८५/६० आर१५. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६० टक्के, रिम १५ इंची. वहीत गणित मांडलं: बाजू १११, दोन्हीकडची २२२, रिमचे १५ इंच म्हणजे ३८१, एकूण उंची ६०३ मिलिमीटर. सगळं या ६०३ भोवती फिरतं. नवा टायर याच्या दोनेक टक्क्यांपेक्षा लांब गेला की स्पीडोमीटर चुकायला लागतो आणि गिअरचं गणितही हलतं.

कट्ट्यावरच्या पोरांचं म्हणणं, १६ इंची अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या रिम टाक आणि २०५/५५ घे, गाडी कसली दिसेल! दिसेलही. पण तो टायर ६३२ मिलिमीटर भरतो, जवळजवळ पाच टक्के जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवणार तेव्हा गाडी १०५ च्या आसपास असणार, चाक जड होणार आणि बाराशे सीसीच्या टर्बोचा जो झटका आवडला म्हणून मी ही गाडी घेतली तोच मऊ पडणार. १९५/५५ आर१५ मात्र ५९५ च्या पुढं बसतो, सव्वा टक्का कमी. मूळच्या सहा इंच रुंद रिमवर चालतो आणि बाजू थोडी बुटकी असल्यानं वळणात कमी लचकतो. जमिनीपासूनची उंची चारेक मिलिमीटरनं घटते, ते मला चालण्यासारखं होतं. २०५/५५ आर१५ ही उंचीला जुळतो, पण आमच्याकडच्या पावसात साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, म्हणून तो सोडला. पकड रुंदीपेक्षा रबराच्या दर्जातून जास्त येते, हे माझं ठाम मत आहे.

तर १९५/५५ आर१५ ८५व्ही. हे शेवटचं ८५ आणि व्ही विसरू नका. ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलोपर्यंत भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. माझे मूळचे टायर ८४एच होते, म्हणजे ५०० किलो आणि २१०. या दोन आकड्यांत मूळपेक्षा खाली कधीही यायचं नाही.

दुकानात ५,००० रुपये ॲडव्हान्स दिला. ‘चार दिवसांत येतंय, साहेब.’ पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेननं ‘१९५/५५ – ४’ लिहून दिलं. इथंच मी चुकलो.

पहिला आठवडा ‘पुण्यातनं गाडी निघालीय’ यात गेला. दुसऱ्या आठवड्यात फोन आला, माल आलाय, या. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. समोर १९५/६०. ‘पाचाचाच तर फरक हाय, घालून तर बघा.’ पाचाचा नाही, तो टायर ६१५ मिलिमीटर भरतो, मला हव्या त्यापेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर उंच. कार्डावरच ते गणित करून दाखवलं. मालक ‘बरं बरं’ म्हणत दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

तिसऱ्या आठवड्यात परत फोन. ‘आता बरोब्बर १९५/५५ आलंय.’ परत रजा. टायर १९५/५५ च होता, फक्त आर१६. माझ्या रिमवर तो चढणारच नाही. मी काही बोलायच्या आत त्यानं शोकेसमधल्या १६ इंची अलॉयकडं बोट केलं. तेव्हा डोक्यात तिडीक गेली. गरज टायरची, आणि हा मला रिम विकायला बघतोय!

चौथा आठवडा फोनच उचलला नाही.

पाचव्या आठवड्यात खरोखर चार १९५/५५ आर१५ ८५व्ही आले. दुकानातल्या पोरानं एक मशीनवर चढवायलाही घेतला होता. मी म्हटलं, थांब, आधी तारखा बघू. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर कोड असतो, त्याच्या शेवटी लांबट गोलात चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हा गोल बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असतो. दोन टायरवर ०७२५ दिसला. उरलेल्या दोघांची ती बाजू भिंतीकडं होती. मी स्वतः ते फिरवले, मोबाइलची बॅटरी लावली. गोलात धूळ बसली होती, म्हणून वर खडू घासून बोटानं पुसला. ११२२. मार्च २०२२ चे टायर, तीन वर्षं गोदामात पडलेले.

‘रबर काय दूध हाय का नासायला?’ मालक म्हणाला.

मी म्हटलं, उन्हाळ्याच्या गोदामात रबर कडक होत जातं, आणि मी पैसे मऊ रबराचेच देतोय. शिवाय एका गाडीवर तीन वर्षांचा फरक कशाला?

‘कोल्हापुरात असलं कोण बघतंय वो?’

‘मी बघतोय.’

टायरमागं पाचशे कमी करतो म्हणाला. मी नको म्हटलं आणि ॲडव्हान्स परत मागितला. त्यासाठी तीन खेपा आणि नऊ दिवस गेले. ‘शेठ बाहेर गेलेत’ हे वाक्य मला आता पाठ आहे. हातात ते कार्डच होतं, म्हणून सांगतो: पावतीवर पूर्ण आकार, भाराचा आकडा, वेगाचं अक्षर आणि ‘सहा महिन्यांपेक्षा जुना नको’ असं लिहून घ्या. तसं लिहायला जो कचरतो, त्याला पैसे देऊ नका.

उचगावच्या एका लहान दुकानदारानं फोनवर आकार ऐकून घेतला आणि दोन दिवसांत टायर आणले. चौघांवर १९२५. मी विचारायच्या आधी त्यानं स्वतः अंगठा ठेवून तारीख दाखवली.

आकार निवडतानाच चार ठिकाणी विचारून घ्या, कारण जून २०२० मध्ये सरकारनं नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, आणि कमी खपाचे काही आकार कागदावर छान दिसले तरी हाती लागत नाहीत. मी ऑगस्टमध्ये २८ टक्के जीएसटी भरला, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय, बिलावर बघून घ्या. आकार बदलला की विमा कंपनीला लेखी कळवा. टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच आली पाहिजे, गाडी उतरवायच्या आधी चारही चाकांभोवती फिरून बघा. बोल्ट एअर गननं ठोकू देऊ नका, पोलोला १२० न्यूटन-मीटर इतका आवळण्याचा जोर लागतो, तो मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळायला लावा. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर सबुरीनं चालवा, नव्या टायरचा वरचा थर निसरडा असतो.

पुढच्या रविवारी भर पावसात त्याच घाटात गेलो. त्याच वळणावर गाडी मी वळवली तिथं वळली. साखरप्यात चहाला थांबलो तेव्हा हाताला घाम नव्हता.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागं टाका, ओढ पुढच्या चाकांची असली तरी. ओल्यात मागचं चाक सुटलं तर गाडी सावरत नाही. आणि माझी स्टेपनी अजून १८५/६० चीच आहे, बाकीच्यांपेक्षा साडेसात मिलिमीटर उंच. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं एक पुढं आणून स्टेपनी मागं लावायची आणि सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जायचं, असं ठरवून ठेवलंय.